दक्षिणेची भिंत

मी घरं तपासतो. ऊब कुठून निसटते ते सांगतो,
भेगा बुजवतो, भिंतींच्या पोटात
पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी फुंकतो.
फिडाल्गो बेटावर या कामाला तोटा नाही.
इथे ढग मुक्कामाला येतात सप्टेंबरात,
जूनपर्यंत हलत नाहीत,
आणि जुलैतही एखादा
छत्री विसरल्यासारखा परत येतो.

टोंका राडोवानचं घर खाडीच्या उतारावर.
नवरा येर्को सामन पकडणाऱ्या होडीवर होता.
विस बेटावरून निघताना त्यानं
अंजिराची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून
बुटात घातली.
"कस्टमवाल्यानं पेटी उघडली," टोंका म्हणाली,
"बूट कोण हुंगणार, कोळ्याचा?"

पहिल्या हिवाळ्यात काडी मेली.
येर्कोनं तिच्या जागी माशांची डोकी पुरली
आणि विषय सोडला.
मे महिन्यात ती दोन ठिकाणी फुटून वर आली.

मी शिडी लावत होतो, ती बोलत होती.
जर्दाळू तीन वर्षं मार्चात फुलला,
तिन्ही वर्षं पावसानं फुलांचा लगदा केला.
पीचची पानं आवळून, फोडांनी लाल होऊन गळाली.
द्राक्षांचा शिरका झाला, बरा झाला.
बिही येते, तिला हवेचं काही पडलेलं नाही.
प्लम तर इतके, की शेजारी दार उघडत नाहीत.
"आणि अंजीर?"
"अंजिराला लोक ऊन ऊन करतात.
ऊन कुठून आणायचं? भिंत आणता येते."

फेब्रुवारी होता. झाड उघडं, राखाडी,
भिंतीवर पंजा पसरून.
शेंड्यांपाशी मिऱ्यांएवढे दाणे:
गेल्या वर्षीच्या काडीवर धरलेले, हेच पिकणार.
नव्या काडीवर येतात ती नुसती हिरवी ढेकळं,
नोव्हेंबरात ती एकेक खुडून टाकते.
मला वाटलं, आता काहीतरी शहाणं बोलेल.
"कुजतात," ती म्हणाली, "आणि कुज काडीत उतरते."

मग मी कॅमेरा काढला,
ऊब रंगांत दाखवतो तो.
उत्तरेची भिंत जांभळी. पूर्वेची निळसर.
दक्षिणेची पिवळी, केशरी,
आणि चुलीमागे लालभडक,
त्या लालावर झाडाच्या काळ्या फांद्या
हात शेकत बसलेल्या.

मी हिशेब मांडला. महिन्याला एवढे डॉलर
या एका भिंतीतून बाहेर जातात, बाई.
"ठाऊक आहे," टोंका म्हणाली.
"येर्कोनं चूल मुद्दाम तिथं घातली.
भिंतीत काही भरू दिलं नाही, सुताराशी भांडला.
ऑगस्टात धुकं आलं की मी पहाटे तीनला
ब्रेड भाजते.
एकटीला किती ब्रेड लागतो?"

मी माळा भरला, जमीन भरली,
उत्तर, पूर्व, पश्चिम भरली.
अर्जात दक्षिणेसमोर लिहिलं: भिंत वापरात आहे.
ऑफिसातून फोन आला, वापरात म्हणजे काय?
मी म्हटलं, सिग्नल जातोय, ऐकू येत नाही.

ऑगस्टात तिचा निरोप: एक गळती राहिली आहे, ये.
मी हत्यारं घेऊन गेलो. धुकं इतकं
की खाडी नुसती ऐकू येत होती,
भोंगा, मग बराच वेळ काही नाही, मग भोंगा.
आत ब्रेडचा वास. बाहेर तिनं
पानाखाली हात घातला.
मान टाकलेलं एक हिरवं अंजीर,
बुडाशी डोळ्यातून मधाचा थेंब
गळायला आलेला.
"हीच ती," म्हणाली.

माझ्या तळहातावर ते
धुक्याकडून गार होतं,
भिंतीकडून कोमट.
कुठल्या बाजूनं सुरू करायचं
ते तिनं सांगितलं नाही.
ती आत गेली होती, दुसरा ब्रेड काढायला.